कोटणीस मास्तर : परदेशी शिक्षकाचा रोजचा दिवस कुठे शोधायचा?

‘पेट’ पास झालात, आता विषय शोधताय. आणि जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावात बसून तुम्हाला वाटतंय की जगाचा इतिहास आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. मलाही वाटायचं. परदेशात राहून शिकवणाऱ्या माणसांचं रोजचं आयुष्य या विषयावर वाचायला लागलो तेव्हा पहिल्या टिपणात मी ठोकून दिलं होतं की चीनमधल्या परदेशी शिक्षकांशी मराठी माणसाचा संबंध नाही. मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला : ‘कोटणीस?’

मी म्हटलं, ते तर डॉक्टर. तुम्हीही हेच म्हणाल. द्वारकानाथ कोटणीस, सोलापूर, जन्म 10 ऑक्टोबर 1910. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातले पाच डॉक्टर, त्यातले एक. 1 सप्टेंबर 1938 ला मुंबईहून बोटीने निघाले, 9 डिसेंबर 1942 ला तिकडेच गेले. शाळेच्या धड्यात एवढंच असतं. पण त्या चार वर्षांतल्या शेवटच्या दोन वर्षांकडे नीट बघा. कोटणीस उत्तर चीनमधल्या हपै प्रांतात, थांग तालुक्यातल्या एका डोंगरी खेड्यात, नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन सर्जनच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय शाळेत शिकवत होते. त्याच नावाच्या रुग्णालयाचे 1941 पासून ते संचालकही होते. म्हणजे ऑपरेशनही करायचं आणि वर्गही घ्यायचा. आपण डॉक्टर लक्षात ठेवला, मास्तर विसरलो.

आता प्रश्न भाषेचा. घरात मराठी, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात वैद्यक शिकले ते इंग्रजीतून, आणि शिकवायचं चिनीतून. समोरची पोरं फौजेतली, बहुतेकांचं शालेय शिक्षण तुटपुंजं. दुभाष्या घेऊन व्याख्यान देता येतं, पण जखम कशी धुवायची हे दुभाष्यामार्फत किती दिवस सांगणार? कोटणीस चिनी बोलायला शिकले, मग वाचायला-लिहायला, आणि शेवटी शस्त्रक्रियेच्या मूलतत्त्वांवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी चिनीत पाठ्यपुस्तक तयार केलं. पुढचं, तपशिलातल्या शस्त्रक्रियांवरचं, अर्धवट राहिलं.

इथे थांबून जरा आपल्याकडे बघा. कोटणीस बोटीत बसले तेव्हा जाफराबाद निजामाच्या राज्यात होतं. उस्मानियाची उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातून ‘वंदे मातरम्’चं आंदोलन सुरू झालं. घरात मराठी आणि वर्गात उर्दू असं शिकलेले म्हातारे आपल्या भागात परवापरवापर्यंत होते. परक्या भाषेत शिकणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला आपल्याला पुस्तकाची गरज नाही. इंग्रजी संदर्भग्रंथ बघून पोटात गोळा येतो, तो कसला असतो हेही आपल्याला ठाऊक आहे. फक्त कोटणीसांच्या बाबतीत हे उलटं होतं : परक्या भाषेत मास्तर धडपडत होता, पोरं नाही.

रोजच्या जेवणाचं बघू. त्या डोंगराळ भागात मुख्य धान्य ‘शिआओमी’. हो, तुमच्या मोबाइलच्या मागे जे नाव छापलेलं असतं तोच शब्द. शब्दशः अर्थ ‘बारीक दाणा’, आणि धान्य म्हणजे आपला राळा. मराठवाड्यात राळ्याचा भात खाल्लेली पिढी अजून पूर्ण गेलेली नाही. भरडधान्यावर पीएच.डी. करणारा कुणी मित्र असेल तर त्याला हे नक्की सांगा. पण 1942 मध्ये तेही पुरेना. दुष्काळ, वरून जपानी फौजेची नाकेबंदी. लोक झाडांची पानं उकडून खात होते. त्या भागाच्या लष्करी नेतृत्वाने आदेश काढला की गावाजवळच्या झाडांची पानं सैनिकांनी तोडू नयेत, ती गावकऱ्यांसाठी राहू द्यावीत. माझ्या मते त्या काळातल्या रोजच्या आयुष्याबद्दलचा हा सगळ्यात बोलका कागद आहे. कोटणीसांचं नाव त्यात नाही, पण ते ज्या ताटात जेवत होते त्या ताटाबद्दल तो आहे. नायकाचं नाव नसलेला कागद बाजूला टाकायचा नाही, हे मी इथे शिकलो.

बाकी राहणी अशी : पगार नाही, फौजेकडून मिळणारा कपडा-लत्ता आणि शिधा. झोपायला ‘खांग’, म्हणजे खालून चुलीची ऊब फिरवलेला विटांचा ओटा. शाळेला पक्की इमारत नाही. जपानी मोहीम आली, जशी 1941 च्या शरदात मोठी आली, की शाळा-दवाखाना सगळं पाठीवर घेऊन डोंगरात हलायचं, आणि जखमींना गावकऱ्यांच्या घरी ठेवायचं. त्याच शाळेत शुश्रूषा शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचं 1941 च्या अखेरीस लग्न झालं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनह्वा : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. शिकवणं आणि लिहिणं तरी चालूच होतं. गेले तेव्हा मूल साडेतीन महिन्यांचं होतं आणि ते स्वतः 32 वर्षांचे.

आता खरी मेख. हे सगळं आपल्याला कुणी सांगितलं?

पथकातले नागपूरचे डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी 1939 मध्ये परतले. प्रमुख डॉ. अटल 1940 मध्ये. डॉ. बिजय कुमार बसू डायरी लिहीत होते, ती छापलीही गेली, आणि ती मोलाची आहे. पण बसू 1940 मध्ये येनानला माघारी गेले, कोटणीस आघाडीजवळच राहिले. म्हणजे कोटणीस मास्तर झाले त्या दोन वर्षांना जवळून पाहणारा एकही भारतीय साक्षीदार नाही! ख्वाजा अहमद अब्बास यांचं 1944 चं इंग्रजी पुस्तक बसूंच्या आठवणींवर उभं आहे, आणि त्यावरून 1946 चा व्ही. शांताराम यांचा सिनेमा. सिनेमात नायक साथीच्या रोगावर इलाज शोधतो आणि त्याच रोगाने जातो. अपस्मार असलेला, दिवे लावून पाठ्यपुस्तक लिहीत बसलेला माणूस पडद्यावर चालला नसता, हे मी समजू शकतो. पण आपल्याकडे अनेकांच्या डोक्यात आजही तोच सिनेमा असतो, आणि काही लेखांच्या संदर्भसूचीतही, दुसऱ्या नावाने.

त्या दोन वर्षांचे साक्षीदार सगळे चिनी : पत्नी क्वो छिंगलान, सहकारी, विद्यार्थी. क्वो यांनी उतारवयात आठवणी सांगितल्या-लिहिल्या. त्या वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, मधे अर्धं शतक गेलंय आणि कोटणीस तोवर दोन देशांच्या मैत्रीचा पुतळा झालेले आहेत. जुलै 1942 मध्ये ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते, त्यामुळे तिकडच्या लेखनात पक्षाचा आदर्श सदस्य दिसतो, इकडच्या लेखनात देशभक्त. दोन, तरीही जेवण, थंडी, शाई, कागद, मूल रडतंय अशा बारीकसारीक गोष्टींत आठवण सहसा कुणाची बाजू घेत नाही. मला पुतळ्यापेक्षा तिथे जास्त भरवसा वाटतो. माझ्या एका मैत्रिणीचं याउलट मत आहे, तिच्या मते घरगुती आठवणीच जास्त रंगवल्या जातात. आमचं भांडण मिटलेलं नाही.

माझा अभ्यास सध्या इथे अडलाय : विद्यार्थ्यांच्या वह्या. त्या शाळेतल्या पोरांनी व्याख्यानं उतरवून घेतली असणार. एखाद्या वहीत मास्तरांनी चुकीचं वापरलेलं एखादं चिनी अक्षर तसंच उतरलेलं सापडलं, तर त्या वर्गात बसल्यासारखं होईल. त्यासाठी चिनी वाचता यायला हवी. म्हणून सध्या रोज सकाळी तासिकेला जायच्या आधी पाच अक्षरं गिरवतोय. 32 व्या वर्षी. काल ‘मी’ म्हणजे धान्याचा दाणा हे अक्षर जमलं.