मनगटापाशी

सुश्रुतसंहिता काशीची. काशिराज दिवोदास धन्वंतरी सांगतो आणि सुश्रुत व त्याचे सहाध्यायी ऐकतात, अशी तिची मांडणी. मी तिचे शारीरस्थान वाचले ते भास्कर गोविंद घाणेकरांच्या हिंदी टीकेसह. घाणेकर बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात आयुर्वेद शिकवत. सहाव्या अध्यायात मी अडकलो.

तिथे १०७ मर्मे मोजली आहेत, त्यांपैकी ४४ हातापायांत. पुढे जे येते ते रणांगण पाहिलेल्या माणसाचेच वाटते. हात किंवा पाय साफ तुटला, तर शिरा आकसतात, रक्त थोडे जाते आणि माणूस वाचतो. फांद्या तोडलेले झाड मरत नाही, तसा. पण तळव्यातल्या क्षिप्र किंवा तलहृदय मर्मावर घाव बसला, तर रक्त वाहतच राहते आणि तो मुळे तुटलेल्या झाडासारखा कोसळतो. म्हणून अशा जखमीचा हात मनगटातून, पाय घोट्यातून लगेच कापावा.

छोट्या जखमेसाठी अख्खा हात! पहिल्यांदा वाचून मी पुस्तक मिटले होते. पण निरीक्षण खरे आहे: पूर्ण तुटलेली धमनी आकसून आत ओढली जाते; अर्धवट कापलेलीला ते जमत नाही.

सुश्रुताने रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या, असे अभिमानाने सांगणारे भेटतात. सूत्रस्थानात रक्त थांबवण्याचे उपाय चारच आहेत: थंडाव्याने गोठवणे, तुरट द्रव्यांनी जखम सांधणे, राखेने पाचन आणि काहीच चालेना तेव्हा डाग. दोरा त्यांत नाही. मला यात कमीपणा वाटत नाही. बांधता येत नव्हते, म्हणूनच तर कापण्याचा निर्णय घ्यावा लागत होता.

आणि बांधून तरी काय साधले? आंब्रवाज पारे याने १५५२ साली अवयव कापताना वाहिन्या बांधल्या, जीव वाचू लागले. पण अवयवाच्या मुख्य धमनीला गाठ मारली की पुढचा रक्तपुरवठाही तुटतो. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या २४७१ धमनीजखमांचा आढावा डबेकी आणि सिमियोन यांनी १९४६ मध्ये छापला. धमनी बांधलेल्यांपैकी सुमारे ४९ टक्के जणांचा अवयव शेवटी कापावाच लागला. कोरियाच्या युद्धात धमनी शिवू, जोडू लागले, तेव्हा हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आले.

श्लोकात ‘आशु’ हा शब्द आहे. रक्त तुटलेल्या अवयवासाठी आजचे सर्जनही साधारण सहा तासांचा हिशेब धरतात.