चहाची मात्रा किती?

१८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली होती. यजमानांनी पाहुण्यांपुढे चहा ठेवला. कोणी तो प्याले, कोणी नुसता ओठाला लावला, कोणी तसाच ठेवला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळक आणि रानडे दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. वाद होता तो चहा कोणाच्या हातचा याचा. पेल्यात काय आहे आणि किती आहे, हा त्या वादाचा विषयच नव्हता.

वास्तविक पेल्यात काय आहे हे रसायनशास्त्रज्ञांना तोवर चांगले ठाऊक होते. गटे या जर्मन कवीने दिलेल्या कॉफीच्या बियांतून रुंगे याने १८१९ मध्ये कॅफीन वेगळे काढले. १८२७ मध्ये चहातून मिळालेल्या पदार्थाला ‘थेईन’ असे निराळे नाव मिळाले, पण १८३८ मध्ये दोन्ही पदार्थ एकच असल्याचे सिद्ध झाले. ‘किती’ या प्रश्नाला मात्र आणखी पाऊणशे वर्षे थांबावे लागले, आणि त्याला निमित्त झाला एक खटला.

१९०९ मध्ये अमेरिकन सरकारने कोकाकोलाच्या पाकाची पिंपे जप्त केली. त्यातले कॅफीन आरोग्याला अपायकारक आहे, असा सरकारचा दावा होता. १९११ च्या मार्चमध्ये चॅटनूगा येथे सुनावणी सुरू होणार होती. कंपनीकडे माणसांवर केलेले नीटसे प्रयोगच नव्हते, म्हणून तिने हॅरी हॉलिंगवर्थ या तरुण मानसशास्त्रज्ञाला गाठले. कंपनीच्या पैशाने कंपनीच्या मालाचा अभ्यास करणे जोखमीचेच. हॉलिंगवर्थ यांनी अट घातली की निष्कर्ष काहीही निघोत, ते छापण्याची मोकळीक हवी आणि जाहिरातीत त्यांचा उपयोग करायचा नाही. प्रयोगांची रोजची देखरेख त्यांच्या पत्नी लेटा यांनी केली. त्या शिक्षिका होत्या, पण विवाहित असल्यामुळे न्यूयॉर्कच्या शाळांत त्यांना नोकरी मिळत नव्हती. पुढे त्या स्वतः नामवंत मानसशास्त्रज्ञ झाल्या.

न्यूयॉर्कमधल्या एका भाड्याच्या घरात १६ माणसांवर सुमारे ४० दिवस चाचण्या चालल्या. काहींना कॅफीनच्या कॅप्सूल मिळत, काहींना तशाच दिसणाऱ्या पण दुधातली साखर भरलेल्या. कोणाला काय मिळाले हे घेणाऱ्यालाही माहीत नसे आणि मोजणाऱ्यालाही नसे. आज औषधांच्या चाचण्यांत ही दक्षता नेहमीची आहे. तेव्हा ती विरळा होती. आमच्या मते या प्रयोगांचे खरे मोल इथेच आहे. ‘चहा घेतला की तरतरी येते’ हे सर्वांनाच आधी ठाऊक असते, आणि नुसत्या त्या अपेक्षेनेही तरतरी येते. ती अपेक्षा वजा केल्याशिवाय कॅफीनचा वाटा कळत नाही.

मात्रा होत्या १ ते ६ ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ ते ३९० मिलिग्रॅम. १ ते ३ ग्रेनने टंकलेखनाचा वेग वाढला. त्याहून मोठ्या मात्रेने तो उलट घटला. हाताचा स्थिरपणा पाहण्यासाठी धातूच्या पट्टीतल्या भोकात सळई धरून ठेवायला सांगत. सळई कडेला टेकली की विजेचे मंडल पूर्ण होऊन एक खूण नोंदली जाई. ६ ग्रेननंतर हात चांगलाच कापू लागे. झोप बिघडण्याचे प्रमाण मोठ्या मात्रेने वाढले. हलक्या वजनाच्या माणसांत आणि रिकाम्या पोटी घेतल्यास परिणाम अधिक दिसला. खटला मात्र तांत्रिक मुद्द्यांवर लांबत गेला आणि १९१६ नंतर कंपनीने पेयातले कॅफीन निम्म्यावर आणून तडजोड केली.

इकडे भारतात १९०३ पासून चहावर उपकर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला होता. रेल्वे स्थानके, गिरण्या, कारखाने असा चहा पसरत गेला. आम्ही राहतो त्या पुनावळ्याच्या एका अंगाला हिंजवडीच्या संगणक कंपन्या आहेत, दुसऱ्या अंगाला चिंचवड-आकुर्डीचे कारखाने. पाळी बदलताना टपरीवर ‘कटिंग’ मागणाऱ्यांत रात्रपाळीचा कामगार असतो, तसा दहावी-बारावीचा विद्यार्थीही असतो. कामगाराला यंत्रापाशी जागे राहायचे असते. विद्यार्थ्याला मात्र वाचलेले लक्षात ठेवायचे असते, आणि ते पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो.

कॅफीन मेंदूला नवी शक्ती देत नाही. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जाते आणि आपल्याला पेंग येते. कॅफीनचा रेणू ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतो. थकवा तसाच राहतो, फक्त त्याची वर्दी पोचत नाही. रोज घेणाऱ्याला तर सकाळच्या पहिल्या कपाने जे बरे वाटते, त्यातला काही भाग रात्रभर चहा न मिळाल्याची कसर भरून निघाल्याचा असतो.

आता थोडा हिशेब. घरगुती कपभर चहात ढोबळमानाने ५० मिलिग्रॅम कॅफीन धरू. पूड किती आणि ती किती उकळली यावर हा आकडा बराच हलतो. म्हणजे हॉलिंगवर्थ यांच्या उपयुक्त मात्रा एक ते चार कपांत येतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत हरकत नाही असे म्हटले. गर्भवतींसाठी दिवसाची मर्यादा २००. मुलांसाठी वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ४५ किलोच्या मुलाला दिवसाकाठी १३५. रक्तातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला दोन कप घेतलेल्या मुलाच्या अंगात पहाटे दोनला एक कप शिल्लक असतो! २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याआधी सहा तास घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमनेही झोप तासाभराहून अधिक घटली होती. तेव्हा अभ्यासाला चहा घ्यायचाच तर तो दुपारपर्यंत, थोडा थोडा आणि खाण्याबरोबर घ्यावा. हात कापू लागले, छातीत धडधडले, तर मात्रा ओलांडली असे समजावे.

सळईचा प्रयोग वर्गात सहज होतो. पत्र्याच्या पट्टीला लहानमोठी भोके पाडा. एक सेल, एक छोटा बल्ब आणि जाड तारेचा तुकडा घ्या. मुलांना चहा पाजून पाहू नये. त्याऐवजी मैदानावरून धावून आल्यावर, पाच मिनिटे शांत बसल्यावर, झोप पुरी झाल्याच्या दिवशी आणि न झाल्याच्या दिवशी अर्ध्या मिनिटात बल्ब किती वेळा लागतो ते मोजावे. मोजणाऱ्या मुलाला समोरचा किती झोपला हे आधी सांगू नये.