बोरूच्या बेटातील साक्षीदार

इंग्लंडच्या पूर्वेस नॉरफक परगण्यात 'ब्रॉड्स' नावाची उथळ तळी आहेत. मध्ययुगात सरपणासाठी दलदलीतील माती खणून काढल्यावर त्या खड्ड्यांत पाणी शिरले आणि ही तळी झाली, हे जॉइस लँबर्ट ह्या वनस्पतिशास्त्रज्ञ विदुषीने 1950 नंतरच्या दशकात दाखवून दिले. काठच्या बोरूच्या बेटांत बिटर्न हा बगळ्याच्या कुळातील पक्षी राहत असे. शिकार आणि दलदल कोरडी करण्याचा हव्यास ह्यांपायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधून त्याची वीण नाहीशी झाली.

त्या काळी दुर्मिळ पक्षी दिसल्याचा पुरावा म्हणजे मारून पेंढा भरलेला पक्षी! ज्याची संख्या थोडी, त्याच्यावरच नेम अधिक. ह्या रूढीस कॅमेऱ्याने पर्याय दिला. कीर्टन बंधूंनी 1892 साली पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले. त्यांपैकी रिचर्ड कीर्टन ह्यांची 1900 साली भेट झाल्यावर एमा लुइसा टर्नर (1867–1940) ह्या बाईंनी छायाचित्रणास आरंभ केला. हिकलिंग ब्रॉडवर त्या गृहनौकेत राहत. जड कॅमेरा आणि काचेच्या तबकड्या वागवीत चिखलातून हिंडणे, हा त्यांचा नित्यक्रम होता.

1911 साली त्यांना व जिम व्हिन्सेंट ह्या स्थानिक जाणकाराला नॉरफकच्या बोरूंत बिटर्नचे पिल्लू आढळले. बाईंनी त्याचे छायाचित्र घेतले. पिल्लू अद्याप लहान असल्यामुळे ते तेथेच जन्मले, हे उघड होते. बिटर्नची वीण परत आली होती, आणि हे सिद्ध करण्यास एकही गोळी झाडावी लागली नाही.

परंतु छायाचित्राने पुरावा मिळतो, निवारा मिळत नाही. 1997 साली घुमणाऱ्या आवाजावरून गणती झाली तेव्हा ब्रिटनमध्ये अवघे 11 नर उरले होते. त्यानंतर पाणथळ जागा राखल्या गेल्या, नव्याने बोरू वाढविले गेले आणि ही संख्या दोनशेंच्या पुढे गेली. स्वॅलोटेल हे पिवळे-काळे फुलपाखरूही ब्रिटनमध्ये आता ह्याच ब्रॉड्सच्या आश्रयाने वंश चालविते. कारण त्याच्या सुरवंटांना लागणारी वनस्पती तेथील दलदलीत उगवते.

हिकलिंग ब्रॉड आज राखीव निसर्गक्षेत्र आहे. पक्षी व फुलपाखरे टिपण्यासाठी तेथे जाणाऱ्यास प्रथम पाण्याच्या पातळीची आणि बोरूच्या वेळोवेळी होणाऱ्या कापणीची व्यवस्था दिसते. ती व्यवस्था चालू आहे, तोवरच टिपण्यासारखे काही तेथे राहणार आहे.