अपिलाची वाट आणि मुलाचे ताट

आम्ही कायद्याचे पदवीधर नव्हे. जो थोडा कायदा आम्हांस येतो, तो कामगारांची प्रकरणे घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसल्याने आणि उसनी पुस्तके वाचल्याने आलेला आहे. म्हणून आज एकच प्रश्न घेतो. मुलाच्या पोटगीचा हुकूम झाला आणि बाप वरच्या कोर्टात गेला, तर तेथला निकाल लागेपर्यंत मुलाने खायचे काय?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकाने शिकवला नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी संघटनेच्या एका सभासदावर असा हुकूम झाला. माणूस आपला, म्हणून आम्ही वकील पाहून दिला, स्थगिती मिळाली आणि आम्ही समाधानाने घरी गेलो. पुढे त्या मुलाची आई युनियनच्या कचेरीत आली. ती भांडली नाही. "दादा, तुमची तारीख पुढच्या महिन्यावर गेली. पोराची भूक कशी नेऊ पुढच्या महिन्यावर?" एवढे विचारून ती निघून गेली. त्यानंतर आम्ही या कायद्याचा इतिहास वाचावयास घेतला.

मुलाच्या पोटगीची तरतूद १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच होती. पुढे १८९८ च्या संहितेचे ४८८ वे कलम प्रसिद्धीस आले. मूल औरस असो वा अनौरस, त्याला स्वतःचे पोट भरता येत नसेल तर ऐपतदार बापाने ते पोसावे, असे ते सांगे. रकमेची कमाल मर्यादा दरमहा ५० रुपये होती. ती १९२३ साली १०० आणि १९५५ साली ५०० झाली. हे काम दिवाणी कोर्टावर न सोडता मॅजिस्ट्रेटकडे दिले, यातच त्याचे मर्म आहे. दिवाणी दावा वर्षानुवर्षे चाले; भुकेल्याजवळ तेवढी सवड नसते. १९७३ च्या संहितेत हेच कलम १२५ वे झाले. २००१ साली रकमेची मर्यादा निघाली आणि अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकालात काढावा असे ठरले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद नव्या संहितेच्या १४४ व्या कलमात आहे.

आता स्थगितीचे पाहू. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा नियम असा की, नुसते अपील दाखल केल्याने हुकूमनामा थांबत नाही. स्थगिती मागणाराने मोठे नुकसान होईल हे दाखवावे, विनाकारण उशीर करू नये आणि तारण द्यावे. मॅजिस्ट्रेटच्या पोटगीच्या हुकमावर पुनरीक्षण अर्ज करता येतो. पण त्यानेही हुकूम आपोआप थांबत नाही. थांबवावयाचा की नाही आणि थकबाकीपैकी किती रक्कम आधी भरून घ्यावयाची, हे वरचे कोर्ट ठरवते.

बापाचीही बाजू आहे. हुकूम चुकू शकतो, पगाराचा अंदाज फुगलेला असू शकतो, आणि एकदा दिलेला पैसा परत हाती येणे कठीण. म्हणून अपिलाचा हक्क हवाच. परंतु दोन नुकसाने तराजूत घातली तर जादा गेलेली रक्कम पुढच्या हप्त्यांत वळती करता येते. बुडालेले शाळेचे वर्ष कोणत्या हप्त्यात वळते करावयाचे?

आम्हां कामगारांस तरी हे उमगावयास हवे होते. कामावर परत घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक वरच्या कोर्टात जात आणि कामगार उपाशी राही. म्हणून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने १७-ब कलम घातले गेले व ते १९८४ साली अमलात आले. उच्च वा सर्वोच्च न्यायालयात प्रकरण चालू असेतो, अन्यत्र नोकरी नसलेल्या कामगारास शेवटच्या दराने पूर्ण पगार द्यावा, असा त्याचा आशय होता. स्वतःसाठी जो न्याय आम्ही भांडून मागितला, तोच त्या मुलाला नाकारण्यास आम्ही वकील शोधून दिला होता.

तेव्हापासून असा सभासद आला की आम्ही त्यास घालवून देत नाही. वकील आजही पाहून देतो. मात्र आधी विचारतो, "या महिन्याचे पैसे भरलेस काय?"