३ जून १७८४ : अमेरिकेच्या शांतताकाळातील सैन्यभरतीचा पहिला ठराव

स्वातंत्र्ययुद्ध संपताच अमेरिकेच्या काँग्रेसने २ जून १७८४ रोजी आपली उरलीसुरली फौज मोडली. दारूगोळा व सामानाच्या राखणीसाठी फोर्ट पिट येथे २५ आणि वेस्ट पॉइंट येथे ५५, असे अवघे ८० सैनिक ठेवले गेले. शांततेच्या काळात खडी फौज बाळगणे प्रजासत्ताकाला घातक, असे अनेक प्रतिनिधींचे ठाम मत होते. पण वायव्य सरहद्द मोकळी सोडणेही परवडणारे नव्हते. तेथील ठाणी अजून ब्रिटिशांच्या ताब्यात होती.

म्हणून दुसऱ्याच दिवशी, ३ जूनला, काँग्रेसने चार राज्यांकडे मिळून ७०० माणसे मागितली. पेनसिल्व्हेनियाने २६०, कनेक्टिकट व न्यूयॉर्कने प्रत्येकी १६५ आणि न्यू जर्सीने ११० माणसे आपापल्या मिलिशियातून, म्हणजे नागरी लष्करातून, द्यायची होती. नोकरीची मुदत एक वर्ष ठरली. सर्वाधिक शिपाई पेनसिल्व्हेनियाचे असल्याने नेतृत्व तेथील जोसाया हार्मर यांच्याकडे आले.

एका वर्षाची मुदत तोकडी ठरल्याने १७८५ मध्ये ती तीन वर्षांची करण्यात आली. १७८९ मध्ये नवे संविधान अमलात आले आणि सैन्य उभारण्याचा स्पष्ट अधिकार केंद्राला मिळाला. आर्लिंग्टन येथील अज्ञात सैनिकाच्या समाधीवर पहारा देणारी ‘ओल्ड गार्ड’ ही तिसरी पायदळ रेजिमेंट आपली स्थापना ३ जून १७८४ च्या याच ठरावापासून मोजते.