मधुमेह आणि झोप: रात्रीची झोप हाही उपचाराचाच भाग

"डॉक्टर, गोड बंद केलंय, गोळ्या वेळेवर घेतो, रोज चालतो. तरी उपाशीपोटीची साखर १६०च्या खाली येत नाही." असे सांगणारे रुग्ण दवाखान्यात नेहमी भेटतात. अशा वेळी मी विचारतो, "रात्री झोप कशी लागते?" बऱ्याचदा उत्तर शेजारी बसलेली पत्नी देते: "खूप घोरतात हो. मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो. लघवीला तीन-चारदा उठतात." ही माहिती साखरेच्या रिपोर्टइतकीच महत्त्वाची असते. पण विचारल्याशिवाय ती कोणी सांगत नाही.

झोपेचा साखरेशी काय संबंध?

झोप अपुरी झाली की कॉर्टिसॉलसारखे ताणाशी संबंधित हार्मोन्स वाढू शकतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. भूकही वाढते, गोड आणि तळलेले खावेसे वाटते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११ निरोगी तरुणांना सलग ६ रात्री फक्त ४ तास झोपू दिले. तेवढ्यातच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता घटली आणि पुरेशी झोप मिळाल्यावर ती सुधारली. निरोगी माणसाचे असे होत असेल, तर मधुमेहात झोपेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

दीर्घकाळ झोप बिघडल्यास

रात्री गाढ झोपेत रक्तदाब थोडा खाली येतो आणि हृदयाला विश्रांती मिळते. झोप सतत मोडत राहिली की ही विश्रांती कमी होते. मधुमेहामुळे हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि डोळे यांना धोका असतोच, त्यात वाढलेल्या रक्तदाबाची भर पडते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्यासाठीच्या आठ मुख्य गोष्टींत झोपेचा समावेश केला, तो याच महत्त्वामुळे.

प्रौढ व्यक्तीला साधारण ७ ते ८ तास झोप हवी. नेहमी ६ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांमध्ये एचबीए१सी (मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) जास्त आढळते. ९ तासांहून अधिक झोपूनही थकवा जात नसेल, तर त्याचेही कारण शोधावे लागते.

रात्रीची ही लक्षणे लपवू नका

- मोठ्याने घोरणे, श्वास अडकणे: हा स्लीप ॲप्निया असू शकतो. यात झोपेत श्वास वारंवार १० सेकंद किंवा अधिक थांबतो. सकाळी डोके दुखते, दिवसा डुलक्या लागतात. गाडी चालवताना डुलकी लागत असेल, तर तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका. निदान 'स्लीप स्टडी'ने होते. वजन कमी करणे आणि सीपॅप यंत्र हे मुख्य उपचार आहेत.
- वारंवार लघवीला उठणे: रक्तातील साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीतून जाऊ लागते आणि सोबत पाणीही ओढून नेते. प्रोस्टेट, लघवीतील जंतुसंसर्ग किंवा काही औषधे हीही कारणे असतात.
- घाम फुटून जाग येणे, भीतीदायक स्वप्ने, धडधड: साखर कमी झाल्याची ही खूण असू शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी ताबडतोब ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ती ७०पेक्षा कमी असल्यास तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. ग्लुकोमीटर नसेल तर वाट न पाहता साखर घ्यावी. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच रुग्णालयात न्या.
- पायांची आग, मुंग्या: नसांवर मधुमेहाचा परिणाम झाल्यास हा त्रास रात्री जास्त जाणवतो. त्यावर औषधे आहेत.

सकाळची साखर जास्त का?

पहाटे ४ ते ८ दरम्यान शरीरातील काही हार्मोन्समुळे साखर आपोआप वाढते. उशिराचे जेवण किंवा औषधाचा अपुरा डोस हीही कारणे असतात. म्हणून स्वतःहून डोस वाढवू नका. दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे ३ वाजता आणि उठल्यावर साखर मोजून ती नोंद डॉक्टरांना दाखवा. योग्य बदल त्यावरून ठरवता येतो.

घरी काय करता येईल?

- झोपण्याची आणि उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही.
- रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आधी आणि हलके घ्या. जेवणानंतर शतपावली करा.
- दुपारी चारनंतर चहा-कॉफी टाळा. दारूने झोप लागते असे वाटते, पण ती तुटक होते, घोरणे वाढते आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर पहाटे धोकादायक घसरू शकते.
- वामकुक्षी २० ते ३० मिनिटांचीच असावी.
- मोबाइल अंथरुणापासून लांब ठेवा.
- रात्रपाळी असल्यास जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दिवसा झोपताना खोलीत अंधार करा.

झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका. काही गोळ्यांमुळे स्लीप ॲप्निया वाढू शकतो, वयस्कर व्यक्ती रात्री उठताना पडू शकतात.

कुटुंबीयांसाठी

घोरणे किंवा श्वास थांबणे रुग्णाला स्वतःला कळत नाही, ते तुम्हालाच दिसते. पुढच्या तपासणीला सोबत या. शक्य असल्यास घोरण्याचा छोटा व्हिडिओ आणा आणि आठवडाभराच्या झोपेच्या वेळा, उठण्याची संख्या वहीत लिहून ठेवा. औषध वाढवण्याची गरज आहे की झोपेचा उपचार करण्याची, हे ठरवताना डॉक्टरांना या नोंदींचा मोठा उपयोग होतो.