काचेखालचा इतिहास

पारदर्शक झाकणाची चपटी डबी, आत दोन-चार छर्रे आणि तळाला तेवढेच खळगे. डबी हलकेच कलती करीत एकेक छर्रा खळग्यात बसवायचा. दुसरा बसवू जावे तो पहिला निसटतो. हस्तकौशल्याचे असे खेळ आपण सहसा निरागस मानतो. त्यांचे जुने नमुने पाहिले की मात्र या समजुतीचा फेरविचार करावा लागतो.

१८८९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स क्रँडॉल या खेळणी-निर्मात्याने 'पिग्ज इन क्लोव्हर' हा खेळ बाजारात आणला. वर्तुळाकार भिंतींमधल्या वाटांनी गोट्यारूपी डुकरे मधल्या कोंडवाड्यात न्यायची, एवढाच तो खेळ. त्याचे वेड असे पसरले की सिनेटरही त्यात रमल्याच्या वार्ता वृत्तपत्रांनी दिल्या. इथवर सारे निरुपद्रवी होते.

पहिल्या महायुद्धात तळाचे चित्र बदलले. इंग्लंडमध्ये निघालेल्या 'द सिल्व्हर बुलेट, ऑर द रोड टू बर्लिन' या खेळात वाटेवरचे खळगे चुकवीत गोळी बर्लिनपर्यंत पोहोचवायची होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर तर 'इरेक्टर सेट'साठी प्रसिद्ध असलेल्या ए. सी. गिल्बर्ट कंपनीने अणुबाँबचाच खेळ काढला. तळाला जपानचा नकाशा, आत दोन कुप्या. एक हिरोशिमावर बसवायची, दुसरी नागासाकीवर. ऑगस्ट १९४५ मध्ये त्या हिरोशिमात घरे पाडण्याच्या कामाला जुंपलेली हजारो शाळकरी मुले मृत्युमुखी पडली होती. त्यांच्याच वयाच्या मुलांसाठी हे खेळणे होते.

साहित्याचे अध्यापक म्हणून आम्हांला येथे एक भेद महत्त्वाचा वाटतो. युद्धाचा पुरस्कार करणारी कविता निदान काही विधान करते. ते नाकारता येते, त्यावर वाद घालता येतो. खेळणे विधान करीत नाही. ते केवळ हात स्थिर ठेवायला सांगते. कुपी नेमकी जागी बसली की होणारा आनंद कौशल्याचा असतो, आणि त्या आनंदात नकाशावरचे शहर विसरले जाते. मन विचार करू लागण्यापूर्वीच हाताने संमती दिलेली असते.

म्हणूनच अशा वस्तूंचा संग्रह हा केवळ स्मरणरंजनाचा छंद मानू नये. पुस्तके ग्रंथालयांत टिकतात. खेळणी फुटतात, हरवतात, मुले मोठी झाली की फेकली जातात. ती कोणी जपली नाहीत, तर बालमनाच्या घडणीचा एक नि:शब्द पुरावाच नाहीसा होतो. संग्राहक बहुधा काच शाबूत आहे ना, छर्रे मूळचेच आहेत ना, हे पाहतो. अभ्यासकाने त्यापुढे जाऊन तळाचे चित्र वाचले पाहिजे. बालसाहित्याच्या इतिहासात या डब्यांना स्थान मिळायला हवे, असे आम्हांला वाटते ते याचसाठी.